चंदूशेठच्या घरची बाळंतीण

"ती खोली बाळंतिणीची हाय!"

"मग? बाळंतीणच हाय की तिच्यात!"

"मासा हाय तो!"

"मासा न्हाई, मादी. अन् हळू बोल. आत्ता कुटं शांत झालीया बिचारी."

"शांत? ती मेली कवा बोलत व्हती? अहो, पोटच्या पोरीला नववा लागलाय. पयलं बाळंतपण. आईच्या घरी येनार ती. अन् तुमी मला मासा शांत झाला म्हनून सांगताय?"

"मी येऊ नको म्हनलंय का? येऊ दी की. वरची खोली हाय, निम्मी मोकळी."

"निम्मी?"

"निम्म्यात तो भाडेकरू ऋषिकेश हाय. मधी पडदा लावू."

हे भांडण कागदावर दिसतंय तेवढ्या मोठ्यानं चाललेलं नव्हतं. ते कुजबुजत चाललं होतं. साळूबाई शेगडीपुढं उभ्या राहून, हातातलं उलथनं तलवारीसारखं धरून, दातांतल्या दातांत कुजबुजत होत्या. आणि त्यांचे यजमान चंदूशेठ उंबऱ्यात उभे राहून, एक बोट ओठांवर ठेवून, कुजबुजत होते. कासार आंबोलीत पडळघऱ्यांच्या घरी गेलं वर्षभर सगळं कुजबुजतच चालायचं. कुकर माळ्यावर गेला होता, कारण त्याला शिट्टी होती. डाळ पातेल्यात शिजायची. मधल्या खोलीच्या दाराला चिंध्या गुंडाळल्या होत्या, आपटू नये म्हणून. शिंक आली तर माणसानं अंगणात जायचं. एकदा शेजारची म्हातारी मीठ मागायला आली आणि घरात कुणी गेलंय की काय, असं वाटून पदर तोंडाला लावून दारातच बसली होती.

गेलं कुणीच नव्हतं. मधल्या खोलीत डिस्कस नावाचे मासे होते आणि त्यांना आवाज सोसत नव्हता.

चंदूशेठ म्हणजे चंद्रकांत पडळघरे. गावाला ते चंद्या म्हणूनच ठाऊक होते. मग त्यांची डोंगराकडची जमीन बंगल्यांच्या स्कीमला गेली. आमच्याकडं माणूस शेठ होतो तो एका दिवसात. सकाळी चंद्या दस्त करायला पौडला जातो आणि दुपारी शेठ होऊन, पेढे वाटत, दुसऱ्याच गाडीतून परत येतो. मधल्या चार तासांत त्याचं बोलणं संथ होतं, मान जरा मागं जाते आणि गळ्यात काहीतरी पिवळं लोंबायला लागतं. चंदूशेठचंही झालं. फक्त एक अडचण होती. शेठ झालेल्या माणसाला हौस लागते, आणि चंदूशेठची हौस नुकतीच वारली होती.

तिचं नाव लखन. शर्यतीचा बैल. लखन गेला तेव्हा चंदूशेठनी मुंडण केलं, दहावं घातलं, गावाला बुंदीचं जेवण दिलं. फाट्यावर फ्लेक्स लावला. त्यावर लखनचा फोटो मोठा आणि 'शोकाकुल' म्हणून चंदूशेठचा त्याहून मोठा. स्वतःच्या सासऱ्याच्या दहाव्याला ते उन्हाचं कारण सांगून गेले नव्हते. पण तो सासरा होता, शर्यतीत पळत नव्हता.

तिकडं माऊली कंधारे, हेही शेठच, यांनी बर्फातलं कुत्रं आणलं. त्याला एसी बसवला. त्याच्या वाढदिवसाला फाट्यावर 'आमच्या काळजाचा तुकडा टायसन यांना' अशा आदरार्थी शुभेच्छा झळकल्या. ते बघून चंदूशेठना घास उतरेना. कुत्रं आणावं तर माऊलीची नक्कल. घोडा शेजारच्या रिहे गावात कुणाच्या तरी फार्महाउसवर होता. मोर ठेवायला बंदी.

अशा वेळी वरच्या पत्र्याच्या खोलीत ऋषिकेश भाड्यानं आला. मूळचा नांदेडचा, नोकरी हिंजवडीत. त्याच्याकडं पलंग नव्हता, कपाट नव्हतं, बादली नव्हती. काचेची एक भलीमोठी टाकी होती आणि तिच्यात ताटलीएवढे गोल, चपटे, तांबूस मासे. ते टाकीत असे उभे राहायचे, जणू कुणीतरी भाकऱ्या उभ्या लावून ठेवल्यात.

"हे काय रं?" चंदूशेठनी विचारलं.

"डिस्कस आहेत, काका. किंग म्हणतात याला. सगळ्या फिशचा किंग."

"राजा?"

"हां काका."

"मग राजा भाड्याच्या खोलीत काय करतोय?"

महिन्याभरात राजा खाली आला. पत्र्याखाली थंडी फार, माशांना ऊब लागते, असं एक निमित्त झालं. ऋषिकेशकडं टाकी राहिली नाही. सल्ला देण्याचा हक्क तेवढा राहिला. तोही कुणी ऐकेल अशी अट नव्हती.

खाली आला म्हणजे मधल्या खोलीत आला. पडळघऱ्यांच्या घरात ऊब धरणारी खोली ती एकच. जाड भिंती, बाहेरची खिडकी नाही, कोपऱ्यात मोरी. या खोलीत चंदूशेठ जन्मले, त्यांची बहीण जन्मली, साळूबाईंची गौतमी इथंच न्हाऊमाखू घातलेली. पौषातल्या थंडीत बाहेर दात वाजत असताना आत शेगडी पेटवून, धुरी देऊन, ओल्या बाळंतिणीला निजवायची ती जागा. चंदूशेठनी मोरी बघितली आणि म्हणाले, "पानी काढून टाकायला झ्याक!"

बरोबर. फक्त ते पाणी त्यांनी कधी काढलं नाही. डिस्कसचं पाणी रोज बदलावं लागतं. निम्मं काढायचं, गाळलेलं कोमट निम्मं घालायचं, तळातली घाण नळीनं ओढायची. हे सगळं साळूबाई करायच्या. चंदूशेठ खुर्चीत बसून "सावकाश... सावकाश..." म्हणायचे. ते त्यांचं मत्स्यपालन.

घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं. ते माशांना. घरची माणसं बोअरचं पाणी प्यायची. इन्व्हर्टर आला. त्याची तार मधल्या खोलीत. आंबोलीत लाइट जायची तेव्हा साळूबाई मेणबत्तीच्या उजेडात भाकऱ्या थापायच्या आणि भिंतीपलीकडं मासे झगमगाटात पोहायचे. माशांना खायला कोंबडीची काळजं वाटून द्यायची, असं ऋषिकेशनं मोबाईलवर वाचून सांगितलं. साळूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांच्या मिक्सरमध्ये काळजं फिरली त्या दिवशी त्यांनी मिक्सरला हात जोडले आणि पाटा-वरवंटा बाहेर काढला. तो त्यांनी मग आत ठेवलाच नाही.

आणि एवढं करून अंडी टिकेनात.

डिस्कसचं असं आहे म्हणे, की जोडी आपली आपण जमते, उभ्या जागेवर अंडी घालते आणि जरा काही दचकली की स्वतःच खाऊन टाकते. चंदूशेठनी उपडं मडकं ठेवलं. नराचं नाव लखन ठेवलं, मादीचं गुलछडी. गुलछडीनं मडक्यावर अंडी घातली आणि सकाळी मडकं स्वच्छ.

"कुकर!" चंदूशेठ कळवळले. कुकर माळ्यावर गेला.

दुसऱ्यांदा स्वच्छ. "उरवड्याच्या कंपनीचा भोंगा!" भोंगा माळ्यावर टाकता येईना, म्हणून भिंतीला गोधड्या ठोकल्या.

तिसऱ्यांदा स्वच्छ. या वेळी चंदूशेठनी बराच विचार केला आणि बायकोच्या हाताकडं बघितलं.

"तुज्या बांगड्या."

"काय झालं त्यांना?"

"पानी बदलताना वाजत्यात. काचेच्या हायेत ना. काढून ठिव."

साळूबाईंनी नळी खाली ठेवली. "काढून ठिवू?"

"व्हय."

"तुमी जिवंत असताना?"

बांगड्या राहिल्या. आणि गंमत म्हणजे चौथ्या वेळची अंडी टिकली.

टिकली, फुटली, आणि पौषातल्या एका सकाळी टाकीत धुळीसारखं काहीतरी हलायला लागलं. धुळीला डोळे होते. चंदूशेठ गुडघ्यांवर बसले. ती धूळ तरंगत तरंगत गुलछडीच्या अंगाला जाऊन चिकटली आणि टुचटुच टोचायला लागली.

"ऋषी! अरं ऋषी! खातायत तिला!" चंदूशेठ फोनवर कुजबुजले.

ऋषिकेश वरून धावत आला. कानात इयरफोन, अंगात वर इस्त्रीचा शर्ट, खाली हाफ चड्डी. "नाही काका! फीड घेतायत! तिच्या स्किनवर एक स्लाइम असते, बेबीज तेच खातात. दुधासारखं."

"म्हंजी अंगावर पितायत?"

"हां! एक्झॅक्टली! अंगावर."

मग गुलछडीनं अंगाला एक झटका दिला आणि ती सगळी धूळ सुटून शेजारच्या लखनच्या अंगाला चिकटली. तो शांत उभा राहिला.

"हा तर नर हाय!"

"नरपण पाजतो काका. दोघं टर्न घेतात."

"बाप बी पाजतोय..." चंदूशेठच्या डोळ्यांतून खरंच पाणी आलं. लखन बैलाच्या दहाव्याला आलं नव्हतं एवढं. "साळू, अगं बघ की हिकडं! बाप बी पाजतोय!"

साळूबाई हातात बादली घेऊन मागं उभ्या होत्या. बघितलं त्यांनी.

"मासा तरी पाजतोय," त्या म्हणाल्या. "तुमी गौतमीला एकदा तरी कडंवर घेतलं व्हतं का?"

"मी कवा न्हाई म्हनलं? तवा शर्यती व्हत्या."

हे त्यांनी अगदी खरं सांगितलं. गौतमी जन्मली तेव्हा चंदूशेठ घाटात बैल पळवत होते. पाचवीला आले, पोरगी झाली म्हणून कळल्यावर "बरं" म्हणाले आणि बैलाच्या खुराला हळद लावायला गेले.

तर, सुरुवातीचं ते भांडण या सगळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. गौतमी उरवड्याला दिलेली. नवरा किशोर तिथंच एका कारखान्यात कामाला. सासरचं घर दोन खोल्यांचं, आठ माणसांचं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणजे या मधल्या खोलीत व्हायचं, हे तिच्या लग्नात ठरवावंही लागलं नव्हतं. साळूबाईंनी सुईणीच्या वेळची शेगडी घासून ठेवली होती. डिंक, खारीक, बाळंतशेपा भरून डबे तयार. सागाचा जुना पाळणा सुताराकडून पॉलिश होऊन आला होता. सगळं होतं. खोलीत मात्र मासे होते.

अखेर चंदूशेठ तोडग्याला आले. तोडगा असा: ऋषिकेशच्या म्हणण्याप्रमाणं पिल्लं थोडी मोठी झाली की त्यांना आणि त्यांच्या आईबापांना हलवता येतं. ओसरीवर दुसरी टाकी मांडू, खोली गौतमीला देऊ. "पन..." चंदूशेठनी बोट वर केलं, "बारसं करून मगच."

"कुनाचं बारसं?"

"पिल्लांचं."

साळूबाई भिंतीला टेकल्या. "अहो, माशांचं?"

"माऊलीनं कुत्र्याचा केक कापला. त्याला कोन काय बोललं? मी तर आपल्या धर्मातलं करतोय."

पाचवी त्यांनी आधीच उरकली होती, कुणालाही न विचारता. टाकीपुढं पाटा मांडून, कोरा कागद आणि पेन ठेवून, सटवाईनं येऊन पिल्लांच्या कपाळी नशीब लिहावं म्हणून. दीड-दोनशे कपाळं, तीही एवढी बारीक. सटवाई बहुतेक दारातूनच परत गेली असावी.

साळूबाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. बारसं झालं तर खोली मिळते. मग बारसं होऊ दे. खोलीसाठी त्यांनी माशांच्या बारशाच्या घुगऱ्यासुद्धा भिजत घातल्या.

ऋषिकेशनं मात्र हात जोडले. "काका, प्लीज. क्राउड नको. आवाज नको. पेअर डिस्टर्ब होईल."

"ऋषी, आमच्या घरात आजपातुर कार्याला माणसं आल्यामुळं कोन डिस्टर्ब झालंय?"

"ते माणसांचं झालं काका. हे मासे..."

"मग बँजो बाहेर ठिवतो."

"बँजो?"

फाट्यावर फ्लेक्स लागला. मधोमध लखन आणि गुलछडी, दोघांच्या डोक्यामागं तेजोवलय. वर 'आमच्या घरी आनंदाचा क्षण'. खाली 'शुभेच्छुक' म्हणून गॉगल लावलेल्या चाळीस जणांचे फोटो. त्यांतल्या कुणीही डिस्कस बघितलेला नव्हता. कोपऱ्यात चिमुकल्या गोलात गौतमीचा फोटो होता. फ्लेक्सवाल्यानं चुकून 'मावशी' लिहिलं होतं. चंदूशेठ म्हणाले, बहीण लिहायला पायजे व्हतं, पण चालतंय.

बाराव्या दिवशी सकाळी गौतमी आली. नवऱ्यानं मित्राची रिक्षा आणली होती. हातात बॅग, पोट पुढं, चेहरा सुजलेला. अंगणात मांडव, बँजोवाले तारा जुळवतायत, आचारी कढया उतरवतोय. तिला वाटलं आपल्यासाठीच आहे सगळं. उगाच लाजली बिचारी.

"आई, एवढं कशाला गं?"

साळूबाईंनी तिची बॅग घेतली. "आत चल. आजच्या दिवस गप बस. संध्याकाळी खोली आपली."

मधल्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. गावातल्या सगळ्या बाया टाकीला चिकटून. टाकीवर पाळणा टांगला होता. पॉलिश केलेला. सागाचा.

गौतमी थांबली. "हा आपला पाळना हाय ना?"

"रिकामाच हाय की सध्या," चंदूशेठ म्हणाले. रिकामा पाळणा हलवू नये, एवढं शास्त्र त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी त्यात जत्रेतला प्लास्टिकचा मासा निजवला होता. कुंची घालून.

नाव ठेवायचा मान आत्याचा. चंदूशेठची थोरली बहीण धोंडाबाई रिह्याहून आली होती. आल्या आल्या तिनं मानाची साडी बघितली, काठ चिमटीत धरून कुरकुरली आणि मग कामाला लागली.

"चंद्या, नाव काय ठिवायचं?"

"लखन."

"कुनाचं?"

"सगळ्यांचं."

"अन् ह्यात पोरी असतील त्या?"

"त्यांचं बी लखनच. बापाचं नाव हाय, अक्का. लाव."

"अन् कान कुटं हाय ह्यांना?"

दारात ऋषिकेश लॅपटॉप छातीशी धरून उभा होता, ऑफिसच्या कॉलवर. त्यानं माइक बंद केला. "कान नसतो आजी! बाहेरून नसतो! प्लीज, लांबून बोला." मग माइक चालू केला. "येस, येस सर, आय ॲम हिअर."

धोंडाबाई लांबून बोलणाऱ्यांतली नव्हती. तिनं पदर खोचला, टाकीपुढं वाकली, काचेला तोंड टेकवलं. काचेवर वाफ धरली. आत गुलछडी अंगावर सगळी लेकरं घेऊन उभी होती. आत्यानं दम घेतला आणि—

"कुर्रर्रर्र..."

आता, बारशात आत्यानं कुर्रर्र केलं की बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत आंबोलीत काय, सगळ्या मुलखात आहे. आत्याचा वर्षभराचा राग काढायची तेवढीच अधिकृत संधी. आणि धोंडाबाईवर राग नसलेली बाई त्या खोलीत एकही नव्हती. वीसेक हात एकदम उठले. पहिल्याच धपाट्याला धोंडाबाईचं कपाळ काचेवर आदळलं.

टण्ण.

बाहेर बँजोवाल्याला वाटलं, हाच इशारा. त्यानं सुरू केलं.

टाकीत लखन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फेकल्यासारखा गेला. गुलछडी काळवंडली. खरंच काळवंडली, रंगच उतरला तिचा. पिल्लं सगळीकडं उधळली. बायांनी फोनचे टॉर्च लावले, कारण व्हिडिओत अंधार येत होता. मग गुलछडी सावकाश वळली, एका पिल्लाजवळ गेली आणि तोंड पुढं केलं.

"अगं बाई! मुका घेतीया!"

"कुटं? कुटं?"

"बघा की! आता त्याचा घेतला. आता त्याचा!"

"आई ती आई. किती मुके घेती ते!"

"बाप बी घ्यायला लागला बघ!"

खोलीभर चुकचुक झाली, एकदोघींनी डोळे पुसले. गौतमी काचेजवळ सरकली. तिनं जरा वेळ बघितलं.

"आप्पा, ती खातीया."

"गप. मुका घेतीया."

"आप्पा, मुका घेतलेलं पोरगं परत दिसत न्हाई."

दारात ऋषिकेशनं तोंडावर हात धरला होता. माइक चालूच राहिला होता, कारण लॅपटॉपमधून कुणीतरी विचारत होतं, ऋषिकेश, हू इज ईटिंग हूम?

चंदूशेठनी सगळं बघितलं. त्यांचा चेहरा एक क्षणभर लहान पोरासारखा झाला; पाटीवर काढलेलं चित्र कुणी पुसलं की होतो तसा. तेवढ्यात गर्दीतून माऊली कंधाऱ्यांची मान आत आली.

"शेठ, पिल्लं दिसंनात."

चंदूशेठनी टाकीवर पडदा ओढला. मान मागं नेली. "झोपली. बारा दिवसांची लेकरं हायेत, दमत्यात. चला, पानं वाढल्यात."

आणि पानं वाढली होतीच. गाव जेवलं. बुंदी चांगली झाली होती. आहेर म्हणून आलेली झबली-टोपडी एका टोपलीत जमा झाली. माऊलींनी जाताना सगळ्यांसमोर हात मिळवला आणि पुढच्या महिन्यात टायसनचं लग्न काढलंय, असं सांगून गेले.

उन्हं कलायच्या आत मांडव उतरला. चंदूशेठ मोरीच्या कठड्यावर बसून होते, गळ्यातल्या साखळीशी चाळा करत. टाकीत दोघंच. साळूबाईंनी त्यांना तसं थोडा वेळ बसू दिलं. पाणीही आणून दिलं. मग पदर खोचला आणि केरसुणी हातात घेतली.

"काय करतीयास?"

"झाडून घेते. पोरीचं अंथरून घालायचं हाय. किशोर अन् ऋषिकेश मिळून टाकी वसरीवर घेतील, मी सांगितलंय."

"कुटं घेतील?"

"वसरीवर."

"येडी का तू?" चंदूशेठ उठले. "ऋषी म्हनतोय आठ दिवसांत परत अंडी घालतील. जोडीला आता कळलंय पाजायचं कसं. आता हलवली तर सगळं मुसळ केरात. ह्या टायमाला मी बँजो न्हाई आननार. शब्द देतो."

"शब्द तुमी मला दिलाय. बारसं झालं की खोली गौतमीची."

"बारसं झालंच कुटं? नाव ठिवायच्या आधीच..." त्यांचा आवाज चिरकला. "माजी दोनशे लेकरं गेली आज, साळू. अन् तुला खोलीचं पडलंय!"

गौतमी दारात उभी होती. कमरेवर हात, पाय सुजलेले.

"आप्पा," ती म्हणाली, "मी हितं झोपू का वर?"

साधा प्रश्न होता. उत्तरही एका शब्दाचं होतं. चंदूशेठनी मुलीकडं बघितलं. मग त्यांची नजर आपोआप टाकीकडं गेली, कारण त्याच वेळी गुलछडी मडक्यापाशी आली होती आणि तोंडानं ते साफ करायला लागली होती. मडकं साफ करणं म्हणजे पुन्हा अंडी घालायची तयारी, हे आता त्यांना कळत होतं.

"वर पडदा लावतो म्हनलं की," ते हळूच म्हणाले. मडक्यावरची नजर न काढता.

साळूबाईंनी केरसुणी भिंतीला टेकवली. आत गेल्या. डिंकाच्या लाडवांचा डबा, बाळंतशेपा, धुरीचा ओवा, जुन्या धोतराची मऊ दुपटी, सगळं एका चादरीत बांधलं. टाकीवर टांगलेला पाळणा सोडला, त्यातला प्लास्टिकचा मासा काढून टाकीच्या झाकणावर ठेवला. आपली दोन लुगडी एका पिशवीत कोंबली. मग अंगणात जाऊन जावयाला म्हणाल्या, "किशोर, पाळना टपावर बांधता येतोय का बघा."

चंदूशेठना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते ओसरीपर्यंत आले.

"कुटं निघालीस?"

साळूबाई गौतमीला हात देऊन रिक्षात बसवत होत्या.

"अगं, लेकीच्या सासरी बाळंतपन करायला आई जाती व्हय कुटं? रीत हाय का ही? लोक काय म्हनतील? माऊली काय म्हनंल?"

किशोरनं दोरीची गाठ मारली. खाली मान घालून.

"सव्वा महिना ऱ्हाणार काय तितं? आठ माणसांत? साळू!"

साळूबाई शेगडी घ्यायला परत ओसरीवर आल्या. चंदूशेठ वाटेत उभे होते. त्या बाजूनं गेल्या, शेगडी उचलली, पुन्हा बाजूनं आल्या. आतून पाण्याच्या पंपाची बारीक बुडबुड ऐकू येत होती. चंदूशेठनी आत बघितलं, बाहेर बघितलं, आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"अगं, संध्याकाळचं पानी बदलायचं राहिलंय! ते कोन बदलनार? साळू? नळीचं कुटलं टोक आत घालायचं तेवढं तरी सांगून जा!"

साळूबाई शेगडी मांडीवर घेऊन लेकीशेजारी बसल्या. रिक्षा फाट्याकडं वळली.